युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर: रांगेत कमी, राइडमध्ये जास्त वेळ कसा जाईल

सेंटोसा बेटावरचं हे पार्क आकाराने लहान आहे. जेमतेम २० हेक्टर जागा, मधोमध तळं आणि तळ्याभोवती गोल फिरणारा एकच मुख्य रस्ता. न थांबता चाललं तर वीस-पंचवीस मिनिटांत फेरी पूर्ण होते. इथे पाय दुखतात ते उभं राहून. बरोबर तारीख निवडली आणि सकाळचा पहिला दीड तास नीट वापरला, तर एका दिवसात सगळ्या महत्त्वाच्या राइड होतात आणि वर एखादी दुसऱ्यांदाही होते. तारीख चुकली आणि अकरा वाजता पोहोचलात, तर त्याच तिकिटात तीन-चार राइड पदरात पडतात. पार्क म्हणून आमचं मत चांगलं आहे: राइड उत्तम, स्वच्छता उत्तम, कर्मचारी शिस्तीचे. पण हे पार्क तयारी न करता येणाऱ्याला अजिबात सांभाळून घेत नाही.

रांगेकडे बघताना आपण किती माणसं उभी आहेत तेवढंच बघतो. खरं बघायचं ते तासाला किती माणसं राइडमध्ये बसतात. ट्रान्सफॉर्मर्स या राइडच्या एका गाडीत १२ जण बसतात, चार-चारच्या तीन ओळींत. कॅनपी फ्लायर या लटकत्या कोस्टरच्या गाडीत फक्त चौघं, दोघांची तोंडं पुढे आणि दोघांची मागे. समजा दोन्हीकडे दर अर्ध्या मिनिटाला एक गाडी सुटते. मग ट्रान्सफॉर्मर्समध्ये तासाला १,४४० माणसं जातील आणि कॅनपी फ्लायरमध्ये ४८०. म्हणजे पुढे २४० जण उभे असतील, तर पहिलीकडे १० मिनिटं आणि दुसरीकडे अर्धा तास. बाहेरून छोटी दिसणारी कॅनपी फ्लायरची रांग दुपारी माणसाला फसवते ती अशी. राइड स्वतः दीड-दोन मिनिटांत संपते, त्यामुळे ती रांग आणखीच अंगावर येते.

बॅटलस्टार गॅलेक्टिका या जोडकोस्टरचं, म्हणजे जोडीने धावणाऱ्या दोन रोलर कोस्टरचं, गणितही असंच. एकमेकांना हूल देत जाणाऱ्या जोडकोस्टरमध्ये ४२.५ मीटर उंचीमुळे याचं नाव झालं. २०१० मध्ये पार्क उघडलं तेव्हा इथे एका ओळीत चार जण बसत. २०१३ मध्ये ते बंद झालं आणि २०१५ मध्ये परत सुरू झालं ते नव्या गाड्यांसह, ओळीत दोनच आसनं घेऊन. लोकप्रियता तीच, जागा कमी. शिवाय आत जाण्याआधी प्रत्येकाचे खिसे रिकामे आहेत का ते तपासतात, त्यातही वेळ जातो. म्हणून ही राइड दुपारसाठी ठेवूच नये.

थोडक्यात, सकाळची मोकळी मिनिटं कमी माणसं नेणाऱ्या राइडवर खर्च करायची. भरपूर माणसं नेणाऱ्या राइड दिवसभरात कधीही जमतात.

तारीख कोणती

सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्या बाजूने आहे. आपल्या शाळांना एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होते आणि जूनचे चार आठवडे चालते. म्हणजे एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा तिसरा आठवडा या काळात आपल्या मुलांना सुट्टी आणि तिथली मुलं शाळेत. त्यातले मंगळवार, बुधवार, गुरुवार घ्या. १ मे आणि बुद्धपौर्णिमेची तिथली सुट्टी टाळा, आणि सुट्टीला लागून येणारे दिवसही. ‘जूनमध्ये विमान स्वस्त मिळतंय’ म्हणून सहल पंधरा दिवस पुढे ढकलली, तर वाचलेले पैसे बहुतेक एक्स्प्रेस पासात (जादा पैसे देऊन वेगळ्या वाटेने राइडला जायची सोय) जातात.

दिवाळीचं मात्र उलटं आहे. दीपावली सिंगापुरातही सार्वजनिक सुट्टी आहे, तेव्हा ऐन दिवाळीच्या दिवशी पार्क ठेवू नका. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हॅलोवीनचे रात्रीचे कार्यक्रम असतात. त्या ठरावीक संध्याकाळी साध्या तिकिटवाल्यांसाठी पार्क लवकर बंद होतं. तुमच्या तारखेला बंद होण्याची वेळ काय आहे ते अधिकृत संकेतस्थळावर बघूनच तिकीट काढा. तासाभराचा फरक म्हणजे दोन राइड. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत तिथल्या शाळांना वर्षअखेरची सुट्टी असते, वर नाताळ. चिनी नववर्षाचा आठवडा तसाच. मार्च आणि सप्टेंबरमध्येही एकेक आठवडा शाळा बंद असतात.

तिकीट ठरावीक तारखेचं असतं. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. आधी काढून ठेवा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये ठेवा. एकाच फोनमध्ये सगळ्यांची तिकिटं असली की फाटकाशी अख्खं कुटुंब एका फोनभोवती गोळा होतं आणि मागची माणसं पुढे निघून जातात.

फाटकापर्यंत

पार्क साधारण दहाला उघडतं. नऊ-वीसला फाटकाबाहेरच्या फिरत्या पृथ्वीगोलाजवळ असायचं, हे ध्येय ठेवा. लिटल इंडिया किंवा फरर पार्कजवळ उतरलेल्यांसाठी हे सोपं आहे, आणि शाकाहारी जेवणासाठी आपली बरीच मंडळी तिथेच उतरतात. जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन पकडायची आणि शेवटच्या हार्बरफ्रंट स्टेशनपर्यंत बसून राहायचं, गाडी बदलायची नाही. वर व्हिवोसिटी मॉल आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल सुटते. बेटावर जाताना माणशी ४ सिंगापूर डॉलर, परत येताना काही नाही. पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड, तिथे उतरायचं. मोनोरेलला गर्दी दिसली तर मॉलच्या मागून जाणारा सेंटोसा बोर्डवॉक चालत धरा. दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तिकीट नाही. लिटल इंडियातून साडेआठला निघालात तर घाई न करता पोहोचता.

फिरत्या गोलासमोर फोटो काढायला सकाळी सगळं जग थांबलेलं असतं. तो फोटो संध्याकाळी बाहेर पडताना काढा. प्रकाशही चांगला असतो आणि घामही आलेला नसतो... म्हणजे दिवसभराचा असतो, पण आता घाई नसते. नाश्ता हॉटेलवरच पोटभर करा. आत शिरल्यावर हॉलीवूड भागातली दुकानं आणि पात्रांसोबतचे फोटो लगेच खुणावतात. ते सगळं दुपारी चारलाही तिथेच असतं.

पहिला दीड तास

हॉलीवूड भागातून आत गेलं की पार्कच्या बाकी भागांकडे जायला दोन दिशा. उजवीकडे न्यूयॉर्क, मग साय-फाय सिटी, प्राचीन इजिप्त, लॉस्ट वर्ल्ड. डावीकडे मिनियन लँड, मग फार फार अवे, आणि तिथून पुन्हा लॉस्ट वर्ल्ड. मिनियन लँड फेब्रुवारी २०२५ मध्ये जुन्या मादागास्करच्या जागी उघडलं, आणि त्यानंतर सकाळच्या गर्दीचा मोठा लोंढा डावीकडे वळतो. त्याआधीच्या काळातले ‘सगळ्यांनी आधी उजवीकडे पळा’ असे सल्ले अजून फिरत असतात. आता ते सगळ्यांना लागू नाहीत.

कुठे वळायचं ते मुलांच्या उंचीवर ठरवा. घरीच भिंतीशी उभं करून सेंटिमीटरमध्ये उंची मोजा आणि लिहून ठेवा. गॅलेक्टिकाच्या दोन्ही कोस्टरना १२५ सेंमी लागते, रिव्हेंज ऑफ द ममीला १२२, जुरासिक पार्क रॅपिड्सला १०७, ट्रान्सफॉर्मर्स आणि मिनियन मेहेमला १०२, पुस इन बूट्सला १००, कॅनपी फ्लायर आणि एन्चँटेड एअरवेजला ९२. दाराशी मोजपट्टी असते आणि तिथे कुणी सवलत देत नाही. पाऊण तास रांगेत उभं राहून १२० सेंमीच्या मुलाला ममीच्या दारातून परत न्यावं लागलं, तर दिवस तिथेच बिघडतो.

सगळे १२५ सेंमीच्या वर असतील तर उजवीकडे. न्यूयॉर्कमधून थेट साय-फाय सिटीत जा आणि गॅलेक्टिकाच्या दोन कोस्टरपैकी आधी सायलॉन घ्या. निळा, पाय लटकते ठेवून उलटसुलट फिरवणारा तो सायलॉन. लाल, बसून जाणारा तो ह्यूमन. सायलॉन झाला की लगेच ह्यूमन. ही दोन्ही झाली की सकाळचा सर्वात कठीण भाग संपला. गॅलेक्टिका त्या दिवशी उशिरा सुरू होणार असेल तर पार्कच्या ॲपवर दिसतं. मग ट्रान्सफॉर्मर्स आधी करा आणि बाहेर पडल्यावर पुन्हा बघा. त्यानंतर ट्रान्सफॉर्मर्स राहिली असेल तर ती, मग ममी, आणि तसंच पुढे चालत कॅनपी फ्लायर. ह्या क्रमाने गेलात तर साडेअकराच्या आत पाच राइड सहज होतात, कारण पाचही एकाच दिशेला आहेत आणि परत फिरावं लागत नाही.

लहान मुलं असतील तर डावीकडे. आधी मिनियन मेहेम, कारण नंतर दिवसभर तिची रांग पार्कमधल्या सर्वात लांब रांगांपैकी एक असते. मग शेजारच्या फार फार अवेमध्ये पुस इन बूट्स. २०१५ मध्ये सुरू झालेली, छोट्या गाड्यांची, हळू सरकणारी रांग. तिथेच एन्चँटेड एअरवेज. मग पुढे जाऊन कॅनपी फ्लायर. मिनियन लँडमधले फिरकीचे खेळ, सेसमी स्ट्रीटची राइड आणि ट्रेझर हंटर्स दुपारसाठी ठेवा.

मुलं दोन गटांची असतील, म्हणजे एक चौदा वर्षांचा आणि एक पाच वर्षांची, तर फाटकातच दोन टोळ्या करा. आई एकीबरोबर डावीकडे, बाबा दुसऱ्याबरोबर उजवीकडे, आणि साडेअकराला लॉस्ट वर्ल्डमध्ये भेटायचं. दोन्ही वाटा तिथेच मिळतात. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं हा हट्ट इथे सर्वात महाग पडतो. ज्या राइडला मूल बसू शकत नाही, तिथे दाराशी कर्मचाऱ्याला पालकांच्या आळीपाळीची सोय विचारा: एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांगेत शिरण्याआधी विचारायचं असतं. आत गेल्यावर विचारून उपयोग नाही.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना सकाळच्या धावपळीत ओढू नका. हॉलीवूड आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मोठं छत आहे, बसायला जागा आहे, खायला मिळतं. बारानंतर त्यांच्यासोबत वॉटरवर्ल्डचा शो बघा. तिथे एका वेळी खूप माणसं बसतात, त्यामुळे वेळेच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी गेलं की काम होतं. पुढच्या ओळींवर पाणी उडतं आणि ते खरोखर उडतं, तेव्हा वयस्करांना वरच्या ओळीत बसवा.

एकट्याची रांग

‘सिंगल रायडर’ अशी पाटी असलेली वेगळी वाट ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि गॅलेक्टिकाला असते. गटांच्या मध्ये एखादी जागा रिकामी राहिली की ती या रांगेतून भरतात. तुम्ही शेजारी बसणार नाही, पण राइड तीच. वेळ कुठे वाचतो ते ओळीतल्या आसनांवरून कळतं. ट्रान्सफॉर्मर्स आणि ममीमध्ये ओळीत चार जागा, आणि कुटुंबं तीन-तीनची किंवा पाच-पाचची येत राहतात; चौथी जागा वारंवार रिकामी पडते. तिथे ही रांग मुख्य रांगेपेक्षा बरीच पटकन सरकते. गॅलेक्टिकामध्ये ओळीत दोनच जागा. बहुतेक लोक जोडीनेच येतात, त्यामुळे एकट्यांसाठी जागा क्वचित मोकळी होते आणि ही रांग कधीकधी मुख्य रांगेइतकीच रेंगाळते. म्हणूनच गॅलेक्टिका सकाळी मुख्य रांगेतून आणि ट्रान्सफॉर्मर्स-ममी दुपारी एकट्याच्या रांगेतून, असा क्रम वेगवेगळं बसायला तयार असलेल्या मोठ्या माणसांसाठी सर्वात चांगला बसतो.

ही वाट सतत उघडी नसते. तिथेही गर्दी झाली की कर्मचारी बंद करतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडतात. पाटी झाकलेली दिसली तर दहा मिनिटांनी पुन्हा चक्कर मारा. लहान मुलांना, ज्यांना मोठ्याबरोबरच बसावं लागतं, त्यांना इथून सोडत नाहीत.

लॉकर आणि खिसे

गॅलेक्टिका आणि ममीला हातात-खिशात काहीही चालत नाही: फोन, नाणी, किल्ल्या, छोटी पर्ससुद्धा. शेजारी लॉकर आहेत. काही ठिकाणी ठरावीक मिनिटं फुकट असतात आणि त्यानंतर पैसे लागतात. किती मिनिटं ते लॉकरच्या पडद्यावर वाचा. वेळ घालवणारी चूक अशी की लोक आधी रांगेत उभे राहतात, तपासणीपाशी पोहोचतात, आणि तिथून लॉकरसाठी मागे पाठवले जातात. त्यापेक्षा दिवसाची बॅगच लहान ठेवा. चौघांत एकच पाठपिशवी: पाण्याच्या बाटल्या, घडीचे रेनकोट, एक जोड सुके कपडे, पॉवर बँक. राइड न करणारा एखादा जण बरोबर असेल तर पिशवी त्याच्याकडे. ज्यांना चक्कर येते त्यांनी ही जबाबदारी आनंदाने घ्यावी. पूर्ण गटाची दर राइडमागे दहा मिनिटं वाचतात.

दुपार आणि पाऊस

बारा ते चार रांगा सर्वात लांब असतात, ऊन सर्वात कडक असतं, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी विजांसह पाऊस येण्याची शक्यताही याच वेळी असते. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड बंद करतात: गॅलेक्टिका, कॅनपी फ्लायर, पुस इन बूट्स, एन्चँटेड एअरवेज, रॅपिड्स. बंद झालेल्या राइडच्या रांगेत ‘आता सुरू होईल’ म्हणून उभं राहणं हा सर्वात वाईट सौदा. पाऊस थांबल्यावरही लगेच सुरू होत नाही. विजेचा धोका टळावा लागतो, मग रिकाम्या गाड्या फिरवून बघतात. अर्धा तास सहज जातो.

ढग भरून आले की पहिल्या थेंबाआधी आतल्या राइडकडे चालायला लागा: ट्रान्सफॉर्मर्स, ममी, सेसमी स्ट्रीट. पाऊस सुरू झाल्यावर सगळं पार्क तिकडेच पळतं, आणि दहा मिनिटांच्या फरकाने रांग दुप्पट होते. दुसरी वेळ साधायची ती पाऊस थांबल्यानंतरची. बाहेरची राइड पुन्हा सुरू झाल्याचं ॲपवर दिसताक्षणी तिथे पोहोचलात तर जवळजवळ सकाळसारखी रिकामी मिळते, कारण बाकीचे अजून आत अडकलेले असतात.

रॅपिड्सबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. गोल तराफ्यात बसून शेवटी उद्वाहनाने वर जाऊन खाली कोसळायचं आहे, आणि अंग पूर्ण भिजतं. दुपारी दोनला गरम होतं म्हणून सगळे तिथे जातात आणि रांग फुगते. चार-साडेचारनंतर जा. त्यानंतर ओल्या कपड्यांनी वातानुकूलित राइडमध्ये शिरायचं नसेल, तर सुका जोड याच वेळी लागतो. रेनकोट घरून आणा. आत विकत मिळतो, पण घरच्या दरात नाही.

जेवण साडेबाराला करू नका. सव्वाअकरा किंवा अडीच. साडेबाराला काउंटरसमोर पंचवीस मिनिटं, टेबल शोधायला दहा, म्हणजे एक राइड गेली. शाकाहाऱ्यांसाठी इजिप्तमधलं ओअॅसिस स्पाइस कॅफे सोयीचं आहे, भारतीय पदार्थ मिळतात. न्यूयॉर्कमधल्या लुईज पिझ्झामध्ये साधा चीज पिझ्झा असतो. जैन जेवण मिळेल या भरवशावर जाऊ नका. चव ठीकठाक, किंमत पार्कची. जेवणासाठी कुणी या पार्कला यावं असं आम्हाला वाटत नाही.

एक्स्प्रेस पास घ्यावा का

पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाच्या बारीत तासन्‌तास उभं राहायचं की मुखदर्शन घेऊन निघायचं, हा निर्णय जसा गर्दी बघून होतो, तसाच हाही दिवस बघून करायचा. पास दोन प्रकारचा: साधा एक्स्प्रेस, ज्यात सामील असलेल्या प्रत्येक राइडला एकदा वेगळ्या वाटेने सोडतात, आणि अनलिमिटेड, ज्यात कितीही वेळा. प्रवेशाचं तिकीट वेगळं लागतंच. पासाची किंमत दिवसागणिक बदलते, गर्दीच्या दिवशी चढते, आणि ठरावीक संख्येनंतर विक्री बंद होते. कोणत्या राइड सामील आहेत ती यादी घेण्याआधी वाचा, कारण तीही बदलते.

हिशोब असा करा. पास माणशी ६० डॉलर असेल तर चौघांचे २४०. डॉलरमागे ६५-७० रुपये धरले तर साधारण १६ ते १७ हजार रुपये. मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या बुधवारी, सकाळी वेळेवर पोहोचून, वर सांगितलेल्या क्रमाने गेलात, तर हा खर्च अनावश्यक आहे. शनिवार-रविवार, जून, डिसेंबर, किंवा विमानाच्या वेळेमुळे दुपारी बारालाच पोहोचणं भाग असेल, तर घ्या, आणि आधीच घ्या. अनलिमिटेड फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना सायलॉन चार वेळा करायचा आहे. कुटुंबाला साधा पुरतो.

११० सेंमीच्या मुलासाठी पास घेण्याआधी यादीतून तो बसू शकेल अशा राइड मोजा. ममी आणि गॅलेक्टिका त्याला बंद, म्हणजे पासाची बरीच किंमत गेलीच. अशा वेळी मोठ्यांनी एकट्याची रांग वापरणं आणि मुलासोबत सकाळी डावीकडून सुरुवात करणं जास्त फायद्याचं.

पासाबद्दल आमची तक्रार एकच. गर्दीच्या दिवशी पासवाले जास्त असले की साध्या रांगेचा वेग स्पष्ट कमी होतो, कारण गाडीत आधी त्यांना जागा जाते. दारावरच्या फलकात लिहिलेली मिनिटं साध्या रांगेचीच असतात, पण सकाळी गर्दी वाढत असताना फलक मागे पडतो. अकरा-साडेअकराला ‘४५’ दिसलं तर तासाची तयारी ठेवा. संध्याकाळी उलट होतं. ‘४५’ लिहिलेलं असताना अर्ध्या तासात बसता.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बऱ्याच सहलींत हे पार्क एका दिवसात बसवलेलं असतं, आणि तिथेच सगळी अडचण आहे. चाळीस जणांचा हॉटेलचा नाश्ता, बसमध्ये मोजणी, सेंटोसाचा वाहनतळ, मग तिकीटवाटप. फाटकातून आत जाईपर्यंत अकरा वाजतात. सकाळची मोकळी वेळ संपलेली असते. सहलीचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: पार्कचा वार कोणता, आत शिरण्याची वेळ किती वाजता, आणि परतीची बस किती वाजता. ‘पूर्ण दिवस’ या शब्दावर समाधान मानू नका.

तिथे पोहोचल्यावर आदल्या रात्री सहल व्यवस्थापकांशी बोला. ‘दादा, आमची तिकिटं आज रात्रीच द्या, आम्ही सकाळी आमचे मेट्रोने जातो, संध्याकाळी बसजवळ भेटतो’ असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. त्यांच्या मोजणीतली चार डोकी कमी होतात. लेखी निरोप व्हॉट्सॲपवर ठेवा, भेटण्याची जागा आणि वेळ त्यातच. तिकिटं गटाची एकत्र असतील तर मात्र हे जमत नाही, म्हणून हा प्रश्नही पैसे भरण्याआधीचाच.

शेवटचा तास

चारनंतर लहान मुलांची कुटुंबं आणि सहलींच्या बस निघायला लागतात. पार्क सातला बंद होणार असेल तर साडेपाच ते सात हा सकाळच्या खालोखाल चांगला वेळ. बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना साधारणपणे राइड मिळते, म्हणून सर्वात आवडलेली राइड शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवा. पावणेसातला ट्रान्सफॉर्मर्सच्या रांगेत शिरलात तर सात वाजून गेल्यावरही बसता येतं. राइडची रांग मात्र कधीकधी वेळेआधी बंद करतात, विशेषतः दुपारी ती बिघडली असेल तर. साडेसहाला ॲपवर बघून घ्या. दुकानं राइडपेक्षा थोडी उशिरापर्यंत उघडी असतात, त्यामुळे भावंडांसाठीच्या टोप्या आणि चुंबकं बाहेर पडतानाच घ्या. सात ते साडेसात मोनोरेलला मोठी रांग लागते. गोलासमोरचा राहिलेला फोटो काढा आणि बोर्डवॉकने चालत व्हिवोसिटीला या. त्या वेळी तोच रस्ता मोनोरेलपेक्षा लवकर पोहोचवतो.